तिरुपतीला न गेलेल्या आत्या

आत्या, तुम्ही गेलात त्या दिवसापासून दारात येणारं प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता एकच वाक्य बोलतंय. "पुण्यवान बाई. बालाजीचं दर्शन घेऊन गेल्या." मी पाणी देते, मान हलवते आणि आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहते. तुमच्या पुण्याबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण तुम्ही तिरुपतीला कधीच गेला नव्हता. तुम्ही गेला होता थायलंडला, माझ्यासोबत, पाच दिवस. आणि हे तुम्ही, मी आणि तुमचा लेक एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं.

तिरुपतीची थाप माझी. मारली तेव्हा वाटलं होतं, लोक आठ दिवसांत विसरतील. आता ती तुमच्या नावाला कायमची चिकटायला निघाली होती. तुम्ही मला ती निस्तरायला सांगितली होती, अगदी बजावून, आणि मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले. काल आपल्या गावी, पिशोरला, नदीकाठी तुमचा दहावा झाला. तिथं काय घडलं ते तुम्हाला सांगायचंय, पण आधीचं सगळं नीट सांगू दे. तुमच्यासमोर मला कधी सलग बोलता आलं नाही. दोन वाक्यांत तुम्ही "कळलं" म्हणायचात आणि तुम्हाला खरंच कळलेलं असायचं.

लग्न होऊन आले तेव्हा आपल्याकडच्या रीतीनं सासूला आत्या म्हणायला लागले, त्याला वीस वर्षं झाली. त्याच निमित्तानं तुमच्या लेकानं आम्हा दोघांची टूर ठरवली होती. बँकॉक, आसपासची मंदिरं आणि तिथलं खाणंपिणं. निघायला थोडे दिवस उरले आणि वाळूजच्या कंपनीत यांची रजा रद्द झाली. मी तोंड पाडून बसले. हे म्हणाले, "आईला ने." मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही उठलात, कपाटातून पासपोर्ट काढलात आणि टेबलावर ठेवलात. मागे तुमच्या भजनी मंडळाची नेपाळची टूर ठरत होती, तेव्हा टूरवाल्यानं गरज नसतानाही सगळ्या बायकांना पासपोर्ट काढायला लावले होते. टूर बारगळली. पासपोर्ट मात्र तुम्ही लुगड्याच्या घडीत जपून ठेवला होता. "कोराच हाय," तुम्ही म्हणालात. "एक तरी शिक्का बसू दे त्याला."

दोन दिवसांनी नानांचा फोन आला. नाना म्हणजे तुमचे थोरले दीर, पिशोरला शेतीवर असतात, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. ज्यांच्यासमोर तुम्ही अख्ख्या हयातीत डोक्यावरचा पदर ढळू दिला नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठं निघाल्यात म्हणं सासू-सुना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिरुपतीला."

आता यात माझी काय चूक होती ते आपल्या शहरातल्या कुणालाही विचारा. आपल्याकडचे पुरुष टोळीनं बँकॉकला जातात आणि घरी सांगून जातात कंपनीची मीटिंग, डीलरांचा मेळावा, नाहीतर सरळ तिरुपती. परत आल्यावर डोक्यावरचे केस जागच्या जागी दिसले की बायका काय समजायचं ते समजतात. मी नोकरी करते त्या वैजापूरच्या तहसील ऑफिसात बँकॉक हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही, नुसती भुवई उडवतात. अशा ठिकाणी मी सासूला घेऊन निघाले होते, तेही देवळं बघायला. नानांना हे फोनवर कसं समजावणार? म्हणून मग जी थाप पुरुष मारतात तीच मी मारली. त्यांच्याकडे निदान लपवण्यासारखं काही असतं, आमच्याकडे तेही नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी लपवत होते, आत्या, आणि ती तुमच्यापासून. मी गुलमंडीच्या बाजारातून तुमच्यासाठी पंजाबी ड्रेस आणला होता. म्हटलं होतं, विमानात सोयीचं पडेल. सोयीचा काही प्रश्न नव्हता. आमच्या टूरमध्ये शहरातली आठ-नऊ जोडपी होती, जीन्समधल्या बायका, गॉगलवाले नवरे, आणि मला त्यांच्यात नऊवारीतली सासू नको होती. तुम्ही ड्रेस अंगाला लावून पाहिलात, "रंग झाक हाय" म्हणालात आणि तो माझ्याच बॅगेत ठेवलात. "तुला व्हईल," म्हणालात. झाला मला. अजून घालते.

तुमच्या पिशवीत काय काय होतं ते मला मुंबईच्या विमानतळावर कळलं. तपासणीवाल्या बाईनं पिवळ्या पुडीकडे बोट दाखवलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "भंडारा हाय. खंडोबाचा." ती बाई मराठीच होती. तिनं पुडी हुंगली, हळद आहे याची खात्री केली आणि परत दिली. मागे उभ्या असलेल्या आमच्या ग्रुपमधलं कुणीतरी खुदकन हसलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

बँकॉकच्या हॉटेलात पोचल्यावर सगळे खोल्यांच्या चाव्यांसाठी धावले आणि तुम्ही मला विचारलंत, "इथला देव कुठंय?" मी म्हटलं, आत्या, मंदिरं उद्यापासून. तुम्ही ऐकलं नाहीत. तुमचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. आठ महिने घर पाठीवर, रोज नव्या शिवारात मुक्काम. नव्या गावात शिरलं की आधी तिथल्या देवाला भंडारा लावायचा, मग गावातल्या बाईला पाणी मागायचं आणि मगच मेंढरं बसवायची, ही तुमच्या आईनं घालून दिलेली रीत. तुम्ही हॉटेलच्या फाटकापाशी गेलात आणि एका खांबावर बसवलेलं छोटं देऊळ तुम्हाला दोन मिनिटांत सापडलं. समोर फुलांच्या माळा, उदबत्त्या आणि लाल सरबताची एक बाटली, चक्क स्ट्रॉ घालून ठेवलेली. "ह्यो बघ, जागेचा देव," तुम्ही म्हणालात. आणि तो तसाच निघाला. आमची गाइड, नोई नावाची चाळिशीची बाई, मोडकंतोडकं हिंदी बोलायची. ती म्हणाली, इथं प्रत्येक इमारतीसमोर त्या जागेच्या मालकाचं घर असतं, त्याला विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. मी सहा महिने इंटरनेटवर बँकॉक वाचत होते. मला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मंदिराच्या दारात आमच्या ग्रुपची वरात अडली. गुडघे उघडे, खांदे उघडे, आत प्रवेश नाही. गॉगलवाले दोन नवरेसुद्धा हाफ पँटमुळे बाजूला काढले. दारावरच्या माणसानं तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडून वाट दिली. तुम्ही पुढे गेला नाहीत. बायकांना गुंडाळायला जी वस्त्रं दिली होती ती त्यांच्याकडून सारखी सुटत होती. तुम्ही एकेकीला समोर उभं केलंत आणि कमरेशी गाठ मारून दिलीत. "श्वास सोड. आता धर. आता पळालीस तरी सुटायची नाय." मुंबई विमानतळावर जी हसली होती, तिचीही गाठ तुम्हीच मारलीत. मला ते दिसत होतं आणि माझी मान आपोआप वर गेली. पण खरं सांगते, तो अभिमान उसना होता. लोक तुमच्याकडे कौतुकानं पाहतायत हे आधी पाहिलं आणि मग मी तुमच्या शेजारी येऊन उभी राहिले.

आत तो निजलेला बुद्ध. सोन्यानं मढवलेला, इतका लांब की उशाशी उभं राहिलं तर पाय दिसत नाहीत, आणि तळपायांवर शिंपल्यांची नक्षी. सगळे फोटोच्या मागे. तुम्ही मात्र ओळखीचं माणूस भेटावं तशा थांबलात. "अगं, ह्यो तर आपल्या अजिंठ्यातला! तिथं दगडात निजलाय, इथं सोन्यात. पोरपणी मेंढरं घेऊन गेलो व्हतो तिकडं, तवा बघितलाय म्या." मग नोईकडे बोट करून मला म्हणालात, "तिला सांग, आमचा लई आधीचा हाय." मी सांगितलं. नोईचे डोळे मोठे झाले. "माताजी, आप बुद्धा के गाव से आया?" तुम्ही क्षणभरही न थांबता "व्हय" म्हणालात. मंदिरातून बाहेर पडेपर्यंत नोई तुमचा हात धरून चालत होती.

आता तिसऱ्या दिवसाचं. हे मी तुमच्या लेकालाही सांगितलेलं नाही. आपण अयुथ्याला गेलो होतो. त्या नावात आपली अयोध्या आहे हे कळल्यावर तुम्ही बसमधून उतरतानाच हात जोडलेत. मोडलेली देवळं, विटांचे ढिगारे, मान नसलेल्या मूर्तींच्या रांगा. तुम्ही एका मूर्तीसमोर बराच वेळ उभ्या राहिलात, पुडी उघडलीत आणि तिच्या पायाच्या बोटाला भंडारा लावलात. तेवढ्यात शिट्टी वाजली. पहारेकरी ओरडत आला. तिथं मूर्तीला हात लावायचा नसतो, नोईनं बसमध्ये दोनदा सांगितलं होतं, पण हिंदीत, आणि तुम्ही खिडकीतून भाताची खाचरं बघत होता. अख्ख्या ग्रुपनं वळून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "या कुणासोबत आहेत?" आणि मी दोन पावलं मागं सरकले, आत्या. बोलले नाही काही. फक्त सरकले, आणि बाजूच्या भिंतीवरची पाटी वाचायला लागले.

तुम्ही काय केलंत? ओरडणाऱ्या माणसाला हात जोडलेत. पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवून ते बोट स्वच्छ पुसलंत, खालच्या चौथऱ्यावर सांडलेली हळदही टिपून घेतलीत. मग त्याच्याकडे पाहून मराठीत म्हणालात, "चुकलं भाऊ. आमच्यात लावत्यात." त्याला काय समजलं कुणास ठाऊक. त्यानं शिट्टी खिशात टाकली आणि तुमच्याहून खाली वाकून नमस्कार केला. परत येताना तुम्ही मला एवढंच विचारलंत, "पाटीवर काय लिवलं व्हतं?" पाटी थाई भाषेत होती. तुम्ही मला सरकताना पाहिलं होतं का, हे मी त्यानंतर कधी विचारू शकले नाही. बहुतेक पाहिलं होतं. पण तुम्ही त्या दिवशी रात्री माझ्या डोक्याला तेल लावून दिलंत आणि मी लहान मुलीसारखी झोपले.

तुमच्या बाजूनं मी कुणाची पर्वा न करता उभी राहिले ती चौथ्या दिवशी, आणि त्याला कारण पनीर. टूरवाला आम्हाला रोज एकाच भारतीय हॉटेलात नेत होता. तीन दिवस दाल, तीन दिवस पनीर. चौथ्या दिवशी तुम्ही ताट पुढे सारलंत. "पनीर खायाला समुद्र ओलांडून आले का मी?" आणि उठून चालू लागलात. ग्रुपमधल्या एकानं मला सल्ला दिला, "बाहेरचं काहीबाही खातील, आवरा त्यांना." मी पर्स उचलली आणि त्याला म्हटलं, "त्या आवरण्यातल्या नाहीत. मीच चाललेय त्यांच्यामागं." हे वाक्य बोलताना मला जे वाटलं, तसं लग्नाच्या मांडवातही वाटलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला एक बाई मातीच्या उखळात काहीतरी कुटत होती. कच्च्या पपईचा कीस, हिरव्या मिरच्या, लसूण, चिंच, गूळ, भाजलेले शेंगदाणे. तुम्ही स्टूल बाजूला सारून उकिडव्या बसलात आणि बघत राहिलात. तिनं एका बाटलीतून काही ओतायला घेतलं तर तुम्ही नाकाला पदर लावलात. "बोंबलाचा वास येतोय. सांग तिला, आज देवाचा दिवस हाय, मासा नको." सांगणार कसं? तुम्हीच हातानं माशाची शेपटी हलवून दाखवलीत आणि कानांना हात लावलात. ती खळखळून हसली आणि बाटली बाजूला ठेवली. मग तुम्ही तिच्या हातून मुसळ घेतलंत. दोन मिनिटांत तिचा हात आणि तुमचा हात एका तालात चालायला लागला, ती चमच्यानं परतते, तुम्ही कुटता. एक घास खाल्लात आणि डोळे मिटलेत. "ह्यो तर ठेचाच हाय गं, पपईचा. ह्या बायांनी आपल्याला कसा सांगितला नाय आजवर?"

त्यानंतर तुम्ही थांबलाच नाहीत. नारळाच्या दुधातल्या कालवणात गवती चहा सापडला तेव्हा तुम्ही तो बोटांत धरून मला दाखवलात, "चहातली काडी भाजीत!" चिकट भातावर आंब्याच्या फोडी आणि वर नारळाचं दूध, ते तर तुम्ही दोनदा घेतलंत. शेवटच्या दिवशी मंदिरं संपल्यावर निखाऱ्यावरची कोंबडी खाल्लीत आणि हाडं चोखून पानावर रांगेनं मांडलीत. फक्त एका पदार्थावर तुमचं आणि त्या देशाचं बिनसलं. खिम्यात तुळशीची पानं टाकलेली होती. तुम्ही ताट दूर लोटलंत. "देवाच्या झाडाला कढईत घालत्यात!" मी म्हटलं, आपण विड्याचं पान देवाला वाहतो आणि खातोही. तुम्ही म्हणालात, ते निराळं. मी विचारलं, कसं निराळं? तुम्ही म्हणालात, घरी गेल्यावर सांगते. आत्या, तुम्ही ते सांगितलं नाहीत.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी नाना गारखेड्याला आपल्या घरी आले, दवाखान्याचं काम होतं. बसल्या बसल्या त्यांनी हात पुढे केला, "परसाद?" तुम्ही आत चहा टाकत होता. मी मागच्या दारानं गेले, कोपऱ्यावरच्या दुकानातून बुंदीचे लाडू आणले आणि त्यातला एक त्यांच्या हातावर ठेवला. नानांनी पायातले मोजे काढले, लाडू कपाळाला लावला आणि डोळे मिटून खाल्ला. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होता.

ते गेल्यावर तुम्ही मला जे बोललात तसं वीस वर्षांत बोलला नव्हता. "थाप मारलीस ती मारलीस. पर देवाच्या नावानं खोटा लाडू? त्यांनी कपाळाला लावला गं तो!" मी रडले. तुम्ही रडू दिलंत. मग म्हणालात, "आता मावंदं घालायचं. पिशोरला. अन् तिथं सगळ्यांम्होरं सांगायचं, कुठं गेलो व्हतो ते." यात्रेहून आलेल्या माणसानं गावाला जेवू घालायचं, स्वतःच्या हातानं वाढायचं, मगच यात्रा पुरी होते. आपल्याकडे त्याला मावंदं म्हणतात. मी म्हटलं, आत्या, ती टूर होती. टूरचं कुणी मावंदं घालत नाही. लोक हसतील. तुम्ही म्हणालात, "पाच दिस देवाच्या दारात गेले, त्याला टूर कामून म्हनू?" मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा नानांना. त्यावर तुमचं उत्तर होतं, "खोटं तू बोललीस. खरंबी तूच बोलायचं."

तुम्ही तयारीलाही लागलात. पिशोरच्या शेतातून कच्च्या पपया आणवल्यात, खलबत्त्यात कुटून कुटून हात बसवलात. आठवड्यातून दोनदा माझ्या डब्यात पपईचा ठेचा असायचा आणि तहसील ऑफिसात माझ्या टेबलाभोवती गर्दी व्हायची. कुठला पदार्थ म्हणून विचारलं की मी म्हणायचे, सासूबाईंचा. तेवढं तरी खरं होतं. मावंदं मात्र मी ढकलत राहिले. मार्चअखेरची कामं, मग ऊन, मग म्हटलं आंबे येऊ देत. मधल्या काळात भावकीतल्या बायका तुम्हाला विचारायच्या, बालाजी कसा होता? तुम्ही एकदाही खोटं बोलला नाहीत. "निजला व्हता," म्हणायचात. "लई मोठा. तळव्यावर शिंपल्यांची नक्षी." बायका भक्तिभावानं हात जोडायच्या. मी तोंडाला पदर लावून आत पळायचे. तुम्हालाही हसू यायचं, पण मागाहून एकट्या असताना तुम्ही मला विचारायचात, "कवा जायचं पिशोरला?" आणि तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर हसू नसायचं.

मग वैशाखातली ती सकाळ आली. तिच्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

काल दहाव्याला नदीकाठी मांडव घातला होता. पिंडदान झालं, प्रवचन झालं आणि रीतीप्रमाणे माइकवर एकेक जण श्रद्धांजली वाहायला उभा राहू लागला. शेवटी नाना उठले. मेंढपाळाची पोर, कशी घरात आली, कशी राबली, हे त्यांनी फार चांगलं सांगितलं. मग म्हणाले, "आन जाता जाता बालाजीचं दर्शन घेऊन गेली. माझ्या हातावर परसाद ठिवला त्या घरानं." बायकांच्या बाजूला बसले होते मी. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं होती आणि सरकायला जागा नव्हती, आत्या, आणि मला सरकायचंही नव्हतं. मी उठले आणि नानांपाशी जाऊन माइक मागितला. आपल्यात दहाव्याला सुना बोलत नाहीत. त्यांना वाटलं मला चक्कर आलीय. त्यांनी माझा दंड धरला, आणि मी माइक घेतला.

"माझ्या सासूबाई तिरुपतीला गेल्या नव्हत्या," मी म्हटलं. "त्या माझ्याबरोबर थायलंडला गेल्या होत्या. बँकॉकला." मागं पुरुषांत एक जण फसकन हसला. मी त्याच्याकडे बघून सांगितलं, "हसा. तुम्हाला बँकॉक म्हटल्यावर जे आठवतं ते त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी देव पाहिले." मग मी सांगत सुटले. फाटकापाशी सापडलेला जागेचा देव, बायकांना मारून दिलेल्या गाठी, अजिंठ्यातला आणि तिथला निजलेला बुद्ध, पहारेकऱ्याचा नमस्कार. मी मागं सरकले होते, तेही सांगितलं. तिरुपतीचं नाव मी घेतलं, लाज मला वाटली होती, त्यांना नव्हती, हेही सांगितलं. बायकांतून एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "खाल्लं काय गं तिनं तिथं?" मी पपईचा ठेचा सांगितला, आंबाभात सांगितला. "इमानात भ्याली नाय?" दुसरीनं विचारलं. नाही म्हटलं, खिडकीची जागा मागून घेतली होती. एवढं झालं आणि मी माइक नानांच्या हातात परत दिला.

नाना माझ्यासमोर उभे होते. माइक खाली धरून त्यांनी हळू विचारलं, "मंग त्यो लाडू?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातला."

"तिला ठाव व्हतं?"

"तुम्ही खाताना त्यांनी पाहिलं. त्याच दिवशी मला म्हणाल्या, मावंदं घालून नानांसमोर खरं सांग. मीच टाळलं."

मला वाटलं आता माइकवर माझी पूजा होणार, आणि ती व्हायलाच हवी होती. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली, घसा साफ केला.

"मंडळी," ते म्हणाले, "मघाशी म्या चुकीचं बोललो, ते दुरुस्त करतो. आमची भावजय तिरुपतीला गेली नव्हती. ती थायलंडला गेली व्हती. तिचं मावंदं राहिलंय. वरीस सरू द्या, सूनबाई घालतील, त्याबी गेल्या व्हत्या. सगळ्यांनी यायचं, आमंत्रण आत्ताच समजा." मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या भावकीत समुद्र ओलांडून देवाच्या दर्शनाला गेलेलं ती पहिलं माणूस."

आत्या, ते वाक्य नाना दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी ते पुरं केलं.